पडद्याआडचें मत

शिक्षकाच्या नोकरींत मुलांना शिकविण्याखेरीज आणखीही कित्येक कामें अंगावर पडतात. शिरगणती येते, पटनोंदणी येते, आणि निवडणूक आली म्हणजे मतदान केंद्रावरचें काम येतें. माझ्या नोकरीच्या काळांत असें काम मला अनेकदां करावें लागलें. आदल्या दिवशीं सामान ताब्यांत घ्यावयाचें, मिळेल त्या वाहनानें गांव गांठावयाचें, शाळेच्याच एखाद्या खोलींत रात्र काढावयाची आणि पहांटे उठून टेबलें-बांकें मांडावयाचीं, हा क्रम ठरलेला असे. मतपेटी, मतपत्रिका, शाईची बाटली, लाख, शिक्के या सर्व वस्तूंची मोजदाद होई, सह्या होत. एका वस्तूकडे मात्र कोणी फारसें लक्ष देत नसे. ती वस्तु म्हणजे तीन बाजूंनीं दुमडून टेबलावर उभा करावयाचा एक साधा पुठ्ठा. त्याच्या आड जाऊन मतदारानें मतपत्रिकेवर शिक्का मारावयाचा.

एका निवडणुकींत एक वृद्ध बाई आपल्या मुलासह मतदानास आली. "आईला नीट दिसत नाही, मी बरोबर जातो," असें मुलगा म्हणूं लागला. अंध किंवा दुर्बल मतदाराला सोबती नेण्याची मुभा नियमांत आहे, म्हणून केंद्राध्यक्षांनीं बाईलाच विचारलें, "आजी, कागदावरची चित्रं दिसतात का?" बाई म्हणाली, "दिसत्यात की, सायेब. घरातलं समदं ह्योच बघतोय. येवढं एक मला बघू द्या." मुलगा ओशाळून दाराशीं थांबला. बाई पुठ्ठ्याआड गेली. तिला बराच वेळ लागला. पण कोणीं तिला घाई केली नाहीं.

त्या दिवसापासून त्या पुठ्ठ्याकडे मी निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. तो तेथें प्रथम कोणीं उभा केला? त्यासाठीं कोणाला झगडावें लागलें? आणि तो उभा करूं नये असें म्हणणारे कोण होते? या प्रश्नांचीं उत्तरें शोधूं गेलें म्हणजे आधुनिक लोकशाहींतील नागरिक विचार कसा करतो आणि वागतो कसा, याविषयीं बरेंच कांहीं शिकावयास मिळतें. तोच इतिहास आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

इंग्लंड हा पार्लमेंटरी राज्यपद्धतीचा जुना आदर्श. परंतु त्या देशांत १८७२ सालापर्यंत पार्लमेंटच्या निवडणुकींत मत द्यावयाचें तें उघड. निवडणुकीच्या वेळीं गांवांत लांकडी मंच उभारीत. मतदारानें तेथें जावयाचें, आपलें नांव सांगावयाचें आणि ज्याला मत द्यावयाचें त्याचें नांव सर्वांच्या देखत उच्चारावयाचें. कारकून तें वहींत टिपून घेई. या वह्या पुष्कळदां पुढें छापल्या जात आणि विकतही मिळत. म्हणजे कोणीं कोणाला मत दिलें, हें शेजाऱ्याला, सावकाराला, जमीनदाराला, वाटेल त्याला थोडे पैसे खर्चून घरबसल्या पाहतां येई.

१८३२ च्या सुधारणेच्या कायद्यानें मध्यम वर्गांतील पुष्कळ लोकांना मताचा अधिकार मिळाला. पण अधिकार मिळणें आणि तो वापरतां येणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. कुळानें धन्याच्या मनाविरुद्ध मत दिलें, तर पुढील सालीं जमीन आपल्याकडे राहील याचा त्याला भरंवसा नसे. दुकानदाराचें मत बड्या गिऱ्हाइकांना रुचलें नाहीं, तर गिऱ्हाइकें तुटत. शिवाय लांच देणारालाही ही पद्धत मोठी सोयीची होती. मोजलेल्या पैशांचा माल पदरांत पडला कीं नाहीं, हें तो स्वतःच्या कानांनीं ऐकूं शके.

ही स्थिति पाहून ग्रीसचा इतिहासकार म्हणून पुढें कीर्ति पावलेला जॉर्ज ग्रोट यानें १८३३ पासून १८३९ पर्यंत गुप्त मतदानाचा प्रश्न पार्लमेंटांत पुन्हां पुन्हां मांडला, आणि दर वेळीं तो नाकारला गेला. १८३८ सालीं चार्टिस्ट चळवळीनें कामकरी लोकांची जी सनद प्रसिद्ध केली, तिच्या सहा मागण्यांतही गुप्त मतदान ही एक मागणी होती. ही सनदही पार्लमेंटानें मानली नाहीं.

विरोध करणारे सगळेच स्वार्थी होते, असें मात्र समजूं नये. त्यांत जॉन स्टुअर्ट मिल यासारखा थोर विचारवंत होता. त्याचा पिता जेम्स मिल हा गुप्त मतदानाचा पुरस्कर्ता. मुलगाही प्रथम त्याच मताचा होता. पण १८६१ सालीं प्रातिनिधिक राज्यपद्धतीवर त्यानें जो ग्रंथ लिहिला, त्यांत त्यानें उघड मतदानाची बाजू घेतली. त्याचें म्हणणें असें कीं, मत ही कांहीं मतदाराची खासगी मालमत्ता नव्हे. ती समाजानें त्याच्याकडे सोंपविलेली ठेव आहे. ठेवीचा वापर कसा केला हें विश्वस्तानें लोकांच्या डोळ्यांदेखत दाखविलें पाहिजे. आडोशाला गेलेला माणूस समाजाचें हित विसरून आपल्या लोभाला, रागाला किंवा जातभाईपणाला वश होईल, अशी त्याला भीति वाटे. त्या काळीं स्त्रियांना आणि बहुसंख्य मजुरांना मत नव्हतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या युक्तिवादाचें वजन कळतें. ज्यांना मत नाहीं त्यांना, आपल्या वतीनें दुसऱ्यानें काय केलें, हें कळावयास नको काय?

या प्रश्नाचें उत्तर कांहीं वर्षांनीं वेल्समधील कुळांच्या रिकाम्या घरांनीं दिलें. १८६७ च्या कायद्यानें मतदारांची संख्या पुन्हां वाढली आणि १८६८ सालीं सार्वत्रिक निवडणूक झाली. कार्डिगनशायर, कार्मार्थनशायर आदि भागांत कित्येक कुळांनीं जमीनदारांच्या इच्छेविरुद्ध लिबरल उमेदवारांना मतें दिलीं. मतदान उघड असल्यामुळें कोणीं अवज्ञा केली तें जमीनदारांना कळलें, आणि त्यांतील अनेक कुटुंबांना आपल्या जमिनी व घरें सोडावीं लागलीं. त्यांच्यासाठीं निधि जमविण्यांत आला, पार्लमेंटांत चर्चा झाली. विश्वस्तानें उघड वागावें हें तत्त्व खरें. पण ज्याच्या चुलीवर दुसऱ्याचा हात आहे, तो विश्वस्त होणार कसा? उघडपणाची किंमत दुबळ्यानेंच भरावयाची असेल, तर त्या उघडपणांतून लोकमत प्रकट होत नाहीं. धन्याचेंच मत शंभर मुखांनीं बोलूं लागतें.

यावर उपाय शोधला तो ऑस्ट्रेलियांतील वसाहतींनीं. १८५६ सालीं व्हिक्टोरिया, टास्मानिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या तिन्ही वसाहतींत गुप्त मतदानाचा कायदा झाला. व्हिक्टोरियांत विल्यम निकोलसन यानें या तत्त्वाचा पाठपुरावा केला आणि हेन्री चॅपमन या कायदेपंडितानें त्याचा तपशील आंखून दिला. तपशील म्हटला तर अगदीं साधा. मतपत्रिका सरकारी खर्चानें एकाच नमुन्याची छापावयाची. तिच्यावर सर्व उमेदवारांचीं नांवें असावयाचीं. ती मतदानाच्या जागींच मतदाराच्या हातीं द्यावयाची. त्यानें आडोशाला जाऊन नको असलेलीं नांवें खोडावयाचीं आणि घडी घालून कागद पेटींत टाकावयाचा.

या योजनेचें मर्म नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. मतदाराला आपलें मत लपवितां येतें, हा तिचा अर्धाच गुण आहे. उरलेला अर्धा असा कीं, त्याला तें सिद्ध करतां येत नाहीं. लांच घेतलेल्या माणसानें बाहेर येऊन "तुम्हांलाच दिलें" असें सांगितलें, तरी तें खरें कीं खोटें हें देणाराला कळण्याचा मार्ग राहत नाहीं. ज्या मालाची खात्री पटत नाहीं त्याला बाजारांत भाव येत नाहीं. धमकीचेंही तसेंच. आज्ञा मोडली कीं नाहीं हें कळेना, तर शिक्षा कोणाला करणार?

इंग्लंडांत अखेर १८७२ च्या जुलैंत ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळाच्या काळीं गुप्त मतदानाचा कायदा झाला. त्याखालीं पार्लमेंटची पहिली पोटनिवडणूक यॉर्कशायरमधील पाँटफ्रॅक्ट या गांवीं १५ ऑगस्ट १८७२ रोजीं झाली. हा दिनांक आपल्या कानांना ओळखीचा वाटावा, हा केवळ योगायोग. हें गांव ज्येष्ठमधाच्या वड्यांसाठीं प्रसिद्ध आहे. मतपेटीवरील लाखेवर उठविलेला ठसा या वड्यांवर उठवावयाच्या शिक्क्याचाच होता, आणि ती पेटी तेथील संग्रहालयांत अद्याप जपून ठेविली आहे. निवडून आलेले ह्यू चिल्डर्स हे पूर्वीं कांहीं वर्षें व्हिक्टोरियांतच अधिकारावर होते, हीही गंमतीची गोष्ट. निवडणूक म्हणजे दारू, आरडाओरड आणि मारामारी अशी ज्यांची समजूत होती, त्यांना त्या दिवसाची शांतता चमत्कारिक वाटली. लांच एका दिवसांत नाहींशी झाली नाहीं. तिच्यासाठीं १८८३ सालीं निवडणुकीच्या खर्चाला मर्यादा घालणारा निराळा कायदा करावा लागला. परंतु भीतीचा मोठा आधार तुटला, तो १८७२ सालींच.

मग ही पद्धत हळूहळू जगभर पसरली. अमेरिकेंत पूर्वीं प्रत्येक पक्ष आपापली मतपत्रिका स्वतःच छापी. तिचा रंग किंवा आकार बहुधा निराळा असे, त्यामुळें मतदाराच्या हातांतील कागद दुरून पाहूनच त्याचें मत कळे. १८८८ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यानें ऑस्ट्रेलियन मतपत्रिका स्वीकारली, आणि पुढील कांहीं वर्षांतच बहुतेक राज्यांनीं तिचें अनुकरण केलें. फ्रान्समध्यें मतदाराला एकांताची खोली मिळाली ती १९१३ सालीं. प्रशियाच्या विधिमंडळासाठीं तर १९१८ पर्यंत उघड मतदानच चालू होतें.

परंतु इतिहास हा मोठा खंवचट शिक्षक आहे. जें साधन एकाला मोकळें करतें, तेंच दुसऱ्याला जखडूं शकतें, हेंही तो दाखवून देतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत नुकत्याच गुलामगिरींतून सुटलेल्या निग्रो लोकांना आणि गरीब गोऱ्यांनाही अक्षरओळख करून घेण्याची संधि मिळाली नव्हती. नुसत्या नांवांनीं भरलेला कागद हातीं देऊन त्यांना एकटें आंत पाठविलें, म्हणजे त्यांचें मत आपोआपच निकामी होई. कित्येक ठिकाणीं हेतूही तोच होता. साक्षरतेच्या परीक्षा आणि मतदानासाठीं कर यांची त्याला जोड देऊन त्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या मतपेटीपासून दूर ठेवण्यांत आलें. १९६५ च्या मतदान हक्काच्या कायद्यानेंच त्या अन्यायाचा कणा मोडला.

आतां आपल्याकडे वळूं. निरक्षर माणसानें गुप्तपणें मत कसें द्यावें, हा जो प्रश्न अमेरिकेंत लोकांना वगळण्यासाठीं वापरला गेला, तोच प्रश्न स्वतंत्र भारतासमोर आला तो सर्वांना सामावून घेण्यासाठीं. १९५१ च्या शिरगणतीप्रमाणें शंभरांत सुमारें अठरा माणसें साक्षर होतीं. आणि २५ ऑक्टोबर १९५१ रोजीं सुरू होऊन फेब्रुवारी १९५२ पर्यंत चाललेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत मतदार होते सुमारें १७ कोटि ३० लक्ष! मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखालीं जी व्यवस्था झाली, तींत प्रत्येक उमेदवारासाठीं निराळी पोलादी पेटी आडोशाला ठेविली होती आणि तिच्यावर त्याच्या पक्षाचें किंवा त्याचें चिन्ह होतें. मतदारानें कागदावर कांहींच लिहावयाचें नव्हतें; हव्या त्या चित्राच्या पेटींत तो टाकावयाचा, एवढेंच. पुढें १९६२ च्या निवडणुकींत सर्व चिन्हें एकाच कागदावर छापून त्यावर शिक्का मारण्याची रीत सर्वत्र रुळली. २००४ मध्यें सर्व लोकसभा मतदारसंघांत यंत्रें आलीं. चिन्ह मात्र टिकून राहिलें.

त्याच पहिल्या निवडणुकीची आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. मतदारयाद्या तयार करतांना देशाच्या कांहीं भागांतील अनेक स्त्रियांनीं स्वतःचें नांव सांगण्यास नकार दिला. अमक्याची आई, तमक्याची बायको, अशीच त्यांची नोंद झाली. निवडणूक आयोगानें अशा नोंदी स्वीकारावयाच्या नाहींत असें ठरविलें, आणि सुमारें २८ लक्ष स्त्रियांचीं नांवें यादींतून गेलीं. निर्णय कठोर होता खरा. पण त्यामागें एक तत्त्व होतें. मत हें कुटुंबाचें नसतें, व्यक्तीचें असतें. आणि व्यक्तीला स्वतःचें नांव असलें पाहिजे. आमच्या त्या म्हाताऱ्या आजीला पुठ्ठ्याआड एकटें जातां आलें, त्याच्या मागें हा एवढा इतिहास उभा आहे.

एवढें सर्व झाल्यावर प्रश्न उरतो तो असा : पडद्याआड हात तर मोकळा झाला, पण मनाचें काय? एकांतांत शिक्का मारणारा माणूस एकांतांत विचारही करतो काय? या प्रश्नाची शास्त्रीय छाननी करण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न अमेरिकेंत १९४० सालीं झाला. रूझवेल्ट आणि विल्की यांच्यांत अध्यक्षपदाची लढत चालू असतां पॉल लाझार्सफेल्ड या संशोधकानें आपल्या सहकाऱ्यांसह ओहायो राज्यांतील ईरी परगण्यांत तळ ठोकला. सुमारें ६०० मतदार निवडून मे ते नोव्हेंबरपर्यंत दर महिन्याला त्यांची पुन्हां पुन्हां मुलाखत घेतली. १९४४ सालीं त्यांचे निष्कर्ष ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले, ते अनेकांना अनपेक्षित वाटले. प्रचाराची राळ उडण्यापूर्वींच बहुतेकांचें मत ठरलेलें होतें. एका घरांतील माणसें बहुधा एकाच बाजूला मत देत. घर एकीकडे ओढीत आहे आणि मित्रमंडळी दुसरीकडे, अशा ओढाताणींत सांपडलेले लोक निर्णय लांबणीवर टाकीत. कांहींचा तर निवडणुकींतील रसच आटे. आणि जे थोडे लोक खरोखर बदलले, त्यांच्यावर वृत्तपत्रें आणि नभोवाणी यांपेक्षां ओळखीच्या माणसांच्या बोलण्याचाच प्रभाव अधिक पडला. नभोवाणीवरून बोलणाऱ्या माझ्यासारख्यानें हें कबूल करावें, यांत थोडी विनोदाची बाजू आहे. पण खरें तें सांगितलेंच पाहिजे.

अर्थ असा कीं, मत एका मिनिटांत दिलें जातें. तें घडतें मात्र वर्षानुवर्षें. जेवणाच्या पानावर, ओट्यावर, पाणवठ्यावर, कचेरींतील चहाच्या वेळीं तें घडत असतें, आणि तेथें पुठ्ठा नसतो. मिलची भीति अगदींच निराधार नव्हती, असें मला वाटतें तें यासाठीं. आपल्या निर्णयाचें कारण कोणाला सांगावेंच लागणार नाहीं असें ठरलें, म्हणजे माणूस कारण शोधण्याचेंही सोडून देतो. मिलची चूक एवढीच झाली कीं, जो उघडपणा चर्चेकडून मागावयाचा तो त्यानें मताकडून मागितला. मत गुप्त ठेवावें आणि विचार उघड करावा, हा खरा क्रम. आपण पुष्कळदां नेमके याच्या उलट वागतों. कोणाला मत द्यावयाचें तें बैठकींत छातीठोकपणें सांगतों. आणि कां द्यावयाचें असें विचारलें, तर विषय बदलतों.

शिवाय त्या पडद्यालाही आज नव्या फटी पडत आहेत. मतदान कक्षांत भ्रमणध्वनि वापरण्यास मनाई आहे, ती उगीच नव्हे. दाबलेल्या बटणाचें छायाचित्र घेतां आलें, कीं मत सिद्ध करतां येऊं लागलें. आणि सिद्ध करतां आलें, कीं विकतां आलें. दुसरी फट मोजणीची. कागदी मतपत्रिकांच्या काळांत अनेक पेट्यांतील कागद एकत्र मिसळून मोजण्याची सोय करतां येत असे. यंत्रांची मोजणी केंद्रवार होते. त्यामुळें व्यक्तीचें मत गुप्त राहतें, पण अमक्या वस्तीनें कोणाला झुकतें माप दिलें, हें निकालाच्या कागदावर सर्वांना वाचतां येतें. मग त्या वस्तीच्या नळाचें किंवा रस्त्याचें काम मागें पडलें, तर कोणाला आश्चर्य वाटावें? वेल्समधील कुळांच्या वेळीं वही होती. आज तक्ता आहे. पुठ्ठा उभा केला म्हणजे काम संपलें असें म्हणून चालत नाहीं. दर पिढीला त्याच्या फटी बुजवाव्या लागतात.

हें काम कायद्याचें आहे. पण घरांतील काम कायदा करूं शकत नाहीं. त्या दिवशीं आजी पुठ्ठ्याआडून बाहेर आली, तेव्हां दाराशीं उभ्या असलेल्या मुलानें तिला हळूच कांहीं विचारलेलें मीं पाहिलें. ती नुसती हंसली आणि चालूं लागली. त्यानें काय विचारलें असेल, हें सांगावयास नको. मला मात्र वाटलें कीं, त्यानें विचारावयाचा प्रश्न दुसराच होता. "आई, यंदा तुला काय वाटतं? गावाला काय पाहिजे?" आणि तो मतदानाच्या दाराशीं विचारण्याचा नव्हता, महिनाभर आधीं, घरीं, तिच्याशेजारीं बसून विचारावयाचा होता.